वही अर्ध्यावर सोडलीत, ते बरंच झालं

म्हापशाजवळच्या एका वाचक ताईंचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"माझं माहेर सावंतवाडीचं. मी शाळेत मराठी शिकवते. माझे यजमान बोटीवर कुक आहेत, म्हणजे होते. मागच्या सुट्टीनंतर जॉइन व्हायच्या आधी मेडिकल झालं, शुगर जास्त निघाली आणि 'अनफिट' शेरा मिळाला. त्याला आठ महिने झाले. घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो, वीस तारखेनंतर हातात काही उरत नाही. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा बारावीला.

आमच्या वाड्यावरच्या प्रार्थनासमूहात एका बाईंनी सांगितलं, रोज रात्री वहीत दहा गोष्टी लिहून देवाचे आभार मान, मार्ग उघडतो. महिनाभर लिहिलं. पहिले काही दिवस बरं वाटलं, मग रोज तेच: घर, मुलगा, नोकरी, श्वास. एका रात्री इतका राग आला की वही कपाटात टाकली. त्या बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, तुझा विश्वास कमी पडतो. आता तेर्स (माळेची प्रार्थना) म्हणताना ओठ हलतात आणि डोक्यात हप्ता चालू असतो. यांनी तर प्रार्थनेला बसणंच सोडलं.

यांना पुन्हा बोट मिळाली तर माझी सोन्याची साखळी देईन, असा जुन्या गोव्याच्या सायबाला (संत फ्रान्सिस झेविअरला) नवस बोलले होते. आता तीच साखळी गहाण ठेवायची पाळी आली आहे. तिला हात लावला तर पाप लागेल का? आणि मनात राग असताना आभार मानणं, हे देवाशी खोटं बोलणं नाही का?"

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीचे सगळे त्यात अडकले आहेत. मनात राग खदखदत असताना वरवर आभार लिहीत राहणं देवाशी प्रामाणिक नाही, हे तुम्हाला बरोबर जाणवलं. म्हणून वही बंद केलीत ते योग्य झालं. तुमच्या विश्वासात खोट नव्हती, तुम्हाला सांगितलेली पद्धतच अर्धी होती. तिच्यात आभाराला जागा होती, गाऱ्हाण्याला नव्हती.

बायबलमध्ये या दोन गोष्टी हातात हात घालून येतात. १५० स्तोत्रांमध्ये गाऱ्हाण्याची स्तोत्रं इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत. १३ वं स्तोत्र काढून बघा, अवघ्या सहा वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत चार वेळा विचारलंय, हे परमेश्वरा, कुठवर? मधल्या दोन वचनांत मागणं आहे. भरवसा आणि गाणं येतं ते अगदी शेवटच्या दोन वचनांत. तुम्हाला मात्र पहिली चार वचनं गाळून थेट पाचव्यावर उभं केलं गेलं. ८८ व्या स्तोत्रात तर शेवटपर्यंत आभार येतच नाहीत. ते अंधारातच संपतं, तरी प्रार्थनेच्या पुस्तकातून ते कुणी काढून टाकलं नाही. आणि ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी परमेश्वर रागावतो कुणावर? सगळं गमावलेल्या ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला होता, देवाशी वाद घातला होता. पण 'तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत' हा ठपका (४२:७) बसतो तो त्याला उपदेश करत बसलेल्या मित्रांवर. देवाला राग सांगणं ही प्रार्थनाच आहे, ताई. तो पोटात ठेवून तोंडाने गोड बोललो, की नात्यातला ओलावा जातो, मग ते माणसाशी असो की देवाशी.

विश्वास कमी पडतो म्हणणाऱ्या बाईंबद्दल अढी धरू नका, पण त्यांचं वाक्य मनातून काढून टाका. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्ना मूल नाही म्हणून मंदिरात रडत प्रार्थना करते. तिचे नुसते ओठ हलताना पाहून एली याजकाला वाटतं, ही दारू पिऊन आलीय. याजक होता, मंदिरातच बसला होता, तरी त्याचा अंदाज चुकला. हन्नाने शांतपणे सांगितलं, मी प्यायलेली नाही, माझं मन परमेश्वरापुढे ओतते आहे. तुम्हीही समूहात एवढंच म्हणा: "मला सल्ला नको, माझ्यासाठी एक 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणा." पुढे त्या वचनांत आणखी एक गोष्ट आहे. हन्ना तिथून उठून गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. तेव्हा मूल झालं नव्हतं, दिवसही गेले नव्हते. बदल झाला तो मन पूर्ण ओतल्यावर.

आता वहीकडे येऊ. ती का फसली, हे नीट समजून घेतलं तरच पुन्हा उघडण्यात अर्थ आहे.

दहा हा आकडा थकलेल्या माणसासाठी फार मोठा आहे. दिवसभर शाळा, सासूबाईंचं अंथरूण, स्वयंपाक, आणि रात्री अकरा वाजता दहा ओळी! तिसऱ्या-चौथ्या ओळीनंतर मन आठवत नाही, भरती करतं. मग 'घर, मुलगा, श्वास' असे शब्द येतात, जे कालही खरे होते आणि उद्याही असतील, आणि ज्यांच्यात आजचा दिवस कुठेच दिसत नाही. १३६ वं स्तोत्र याच्या नेमकं उलट आहे. २६ वचनं आहेत, प्रत्येकाच्या शेवटी 'त्याची दया सनातन आहे' हेच पालुपद आहे, तरी ते कंटाळवाणं होत नाही. कारण प्रत्येक पालुपदाच्या आधी एक नेमकी घटना आहे. सूर्य, चंद्र, समुद्र दुभागणं, अगदी सीहोन आणि ओग या राजांची नावंसुद्धा घेतली आहेत. आभार नावानिशी मानायचे असतात.

दुसरी अडचण जास्त घातक आहे आणि आपल्याकडे ती सर्रास दिसते. आभार मानायचे म्हणून माणूस आपल्यापेक्षा वाईट स्थितीतल्यांकडे बघायला लागतो. 'अमकीचा नवरा गेला, माझा निदान घरी तरी आहे.' घटकाभर धीर येतो, पण तो दुसऱ्याच्या दुःखावर उभा असतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात उभा राहून नेमके असेच आभार मानतो: देवा, मी इतर माणसांसारखा नाही म्हणून तुझे उपकार मानतो. येशूने ती प्रार्थना नापसंत केली. या 'निदान'ला वहीत शिरू देऊ नका. शिवाय उद्या तुमच्यापेक्षा सुखी घर दिसलं, की त्याच तराजूत तुमचे आभार हलके पडतील.

आणि 'लिहिलं की मार्ग उघडतो' हे वाक्य. ताई, तिथेच सौदा सुरू झाला. तुम्ही लिहीत गेलात आणि मनात मोजत राहिलात की अजून बोट का नाही. बोट आली नाही तेव्हा देवाने शब्द मोडला असं वाटणं साहजिक होतं, पण तसा शब्द देवाने दिलाच नव्हता.

म्हणून आता नवी वही घ्या, साधी शंभर पानी, जुनी कपाटातच राहू दे. मोबाइलवर लिहू नका, कारण बँकेचा मेसेज त्याच मोबाइलवर येतो. वही उघडली की डावं पान गाऱ्हाण्याचं, उजवं आभाराचं. वेळ रात्रीची नको. संध्याकाळच्या आंजेलची, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेची, घंटा झाली की तेर्सच्या आधी पाच-सात मिनिटं बसा. तेर्स म्हणताना हप्ता डोक्यात फिरतो म्हणता ना, तर तो आधीच डाव्या पानावर उतरवला की माळ हातात घेताना मन थोडं मोकळं असतं. विचार येतीलच, पण निदान त्यांना कुठे ठेवायचं ते ठरलेलं असेल.

डाव्या पानावर एक गाऱ्हाणं, दोन-तीन ओळींचं, देवाला उद्देशून. स्वतःशी पुटपुटणं आणि देवाला सांगणं यात फरक पडतो तो 'प्रभू' या एका हाकेने. उजव्या पानावर जास्तीत जास्त दोन आभार. प्रत्येकात चार गोष्टी हव्यात: आज काय झालं, कुठे झालं, कुणाच्या हातून झालं, आणि त्याने मला काय मिळालं. एक पान साधारण असं दिसेल.

डावीकडे: "मंगळवार. बँकेचा मेसेज आला. यांनी वाचला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. प्रभू, यांना असं किती दिवस बसवून ठेवणार? मला भीती वाटते."

उजवीकडे: "मंगळवार. अडीचला जोराची सर आली. शेजारच्या वहिनींनी न सांगता दोरीवरचे कपडे काढून बाल्कांवात ठेवले. मुलाचा युनिफॉर्म कोरडा राहिला, मला रात्री इस्त्री फिरवत बसावं लागलं नाही. प्रभू, त्यांच्या हातांनी तू हे केलंस."

उजव्या पानावर 'माझ्या शेजाऱ्यांबद्दल आभार' असं लिहिलं असतं तर काहीच हाती लागलं नसतं. वहिनी, सर, दोरी, युनिफॉर्म हे लिहिलं की उद्याही असल्याच गोष्टींवर नजर जाते, आणि या सरावाचा खरा उपयोग तोच आहे. वहीत लिहिण्याची पाच मिनिटं फार महत्त्वाची नाहीत. महत्त्व आहे ते पुढच्या चोवीस तासांत डोळे काय टिपायला शिकतात त्याला.

एखाद्या संध्याकाळी उजवीकडे काहीच सुचणार नाही. तेव्हा तारीख घालून 'आज काही दिसलं नाही' एवढंच लिहा आणि वही मिटा. ओढून-ताणून काढू नका. तारीख मात्र घालाच, कारण त्या पानावर तुम्ही देवापुढे हजर होतात. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच-ते येऊ लागेल. त्या वेळी ओळी वाढवायच्या नाहीत, प्रश्न बदलायचा. आज काय टळलं? आज मला कुणाला काय देता आलं? आज माझ्या शरीराने न कुरकुरता कोणतं काम केलं? आज कोण काही न मागता बोललं? प्रत्येक प्रश्न आठवडाभर पुरतो.

रविवारी मिस्सेहून आल्यावर आठवड्याची उजवी पानं वाचा आणि त्यांतल्या माणसांच्या नावांखाली रेघ मारा. त्यांतल्या एका माणसाला जाऊन, किंवा फोन करून, सांगा: "त्या दिवशी कपडे काढलेत ना, फार आधार वाटला." एवढंच, भाषण नको. लूकच्या १७ व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच मागे वळून येतो. येशूने उरलेल्या नऊ जणांबद्दल विचारलं, म्हणजे परत येऊन बोलण्याला त्याच्या लेखी किंमत होती. देवाचे आभार मानायचे आणि ज्याच्या हातून मदत झाली त्याला गप्प राहून विसरायचं, ही आपली एक वाईट सवय आहे. ती मोडली की एकटेपणाही कमी होतो, कारण अडचणीतल्या घरात लोक बिचकून येईनासे होतात आणि तुमचं एक वाक्य त्यांना परत दार दाखवतं.

सकाळी वेगळा वेळ काढू नका, मिळणारच नाही. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो तेव्हा तुम्ही पिशवी घेऊन दारात जाता, तेवढ्या पावलांत 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' हे एकच वाक्य म्हणा. 'आज' यावर थांबा. बायबलमधल्या निर्गमच्या १६ व्या अध्यायात वाळवंटातल्या इस्राएलांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, माणशी एक ओमर मिळायचा, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप. उद्यासाठी साठवलेल्यात किडे पडायचे. विश्रांतीच्या दिवसाचा अपवाद होता, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करून ठेवायची देवानेच आज्ञा दिली होती. म्हणजे नियोजनाला देवाची ना नाही. ज्या भीतीचा आज काही उपयोग नाही, ती आजच भोगत बसण्याला आहे. मुलाच्या कॉलेजची फी जूनमध्ये भरायची असेल तर तिचा विचार करायला महिन्यातला एक शनिवार ठरवा, कागद-पेन घेऊन बसा, आकडे मांडा आणि उठा. रोज पहाटे तीन वाजता तोच हिशेब केल्याने फी कमी होत नाही.

इथे भरवशाचा प्रश्न येतो, आणि तुमच्या घरी बोटीचं जग ठाऊक आहे म्हणून प्रेषितांच्या कृत्यांचा २७ वा अध्याय सुचवावासा वाटतो. यजमानांबरोबर वाचता आला तर उत्तमच. प्रेषित पौल कैदी म्हणून बोटीवर आहे. चौदा दिवस वादळ चाललंय, सूर्य नाही, तारे नाहीत, कुणी धड जेवलेलं नाही. खलाशी दोर सोडून पाण्याची खोली मोजतात: वीस वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट). थोडं पुढे जाऊन पुन्हा मोजतात: पंधरा वाव. खडकावर आदळू नये म्हणून बोटीच्या मागून चार नांगर टाकतात. आणि उजाडत असताना पौल भाकर घेतो, सगळ्यांदेखत देवाचे आभार मानतो, मोडतो आणि खायला लागतो. बोटीवर २७६ माणसं होती. सगळे जेवले, आणि जेवून झाल्यावर बोट हलकी करायला त्यांनी गहू समुद्रात फेकला.

नीट पाहा, आभार मानताना किनारा लागलेला नव्हता. नंतर बोट वाळूत रुतली आणि लाटांनी तिचा मागचा भाग मोडला. बोट वाचलीच नाही, माणसं मात्र सगळी वाचली, कुणी पोहत, कुणी फळ्यांवर. आभारामुळे वादळ थांबलं नाही. पण चौदा दिवस उपाशी असलेल्या माणसांच्या पोटात अन्न गेलं आणि पुढे पोहायला अंगात बळ आलं. भरवसा माणसाला हे देतो. आणि खोली मोजणं, नांगर टाकणं हेही त्याच रात्री चालू होतं. खलाशी होडी घेऊन पळायला लागले तेव्हा पौलानेच बजावलं, हे बोटीवर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही.

एक गोष्ट मात्र लपवायला नको. पौलाला देवदूताने स्पष्ट सांगितलं होतं की कुणाचा जीव जाणार नाही. तुम्हाला 'बोट मिळेलच' असा शब्द कुणी दिलेला नाही, आणि जो कोणी तसा छातीठोक सांगतो त्याच्यावर विसंबू नका. तुम्हाला दिलेला शब्द रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात आहे: कशानेही आपण ख्रिस्ताच्या प्रीतीपासून वेगळे होणार नाही. त्या यादीत संकट, उपासमार आणि तलवारही आहे, म्हणजे हे विश्वासणाऱ्यांवरही येतं हे पौलाने धरूनच चाललंय.

हाती येण्याआधीच आभार मानायची ही रीत गोव्याला परकी नाही. कणसांच्या फेस्ताला, म्हणजे नव्या पिकाच्या सणाला, राय गावात ५ ऑगस्टला, ताळगावला २१ ऑगस्टला, नव्या भाताची पहिली कणसं कापून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. तेव्हा बाकीचं पीक शेतातच उभं असतं, पाऊस संपलेला नसतो, कापणी-मळणी सगळी व्हायची असते. आभार आधी, हिशेब नंतर.

मग त्या खलाशांसारखी तुमच्या संकटाची खोली मोजून घ्या. मेडिकलच्या कागदावर शेरा तात्पुरत्या अनफिटचा आहे की कायमच्या, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. तात्पुरता असेल तर पुन्हा कधी यायचं आणि कोणत्या तपासण्या आणायच्या ते विचारा. एचबीए१सी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, त्यामुळे मेडिकलच्या आधी आठवडाभर पथ्य केल्याने आकडा हलत नाही. तीन महिने नेटाने औषध, चालणं आणि भाताचं प्रमाण सांभाळावं लागतं. बँकेत हप्ता चुकण्याआधी जा, मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का असा लेखी अर्ज द्या. ९० दिवस थकल्यावर कर्ज एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत, जातं आणि मग बोलणी अवघड होतात. आणि बोट कायमचीच सुटली तर, हा प्रश्नही त्या शनिवारच्या कागदावर लिहायला घाबरू नका. बोटीवर शेकडो माणसांचा स्वयंपाक केलेल्या माणसाला जमिनीवरही काम असतं.

मोठे निर्णय मात्र मन खचलेलं असताना घेऊ नका. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नासिअस लोयोला यांचा याबाबतचा नियम पक्का आहे: उदासीच्या काळात आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. घर विकायचं, मुलाचं शिक्षण थांबवायचं, असं काही रात्री ठरलं तर ते लिहून ठेवा आणि मन थाऱ्यावर आलेल्या सकाळी पुन्हा बघा. रोजच्या प्रार्थनेची त्यांची पाच पायऱ्यांची रीतही तुमच्या वहीच्या जवळची आहे: आभार, आत्म्याचा प्रकाश मागणं, दिवस तास-तास करून आठवणं, चुकलं त्याची क्षमा मागणं, उद्यासाठी बळ मागणं. वही हाताला बसली की महिन्याभराने तिच्याकडे वळा. आत्ता नको.

यजमानांना प्रार्थनेला बसायचा आग्रह करू नका. वर्षानुवर्षं घर पोसलेला माणूस अचानक बसून आहे, आणि प्रार्थनेत सगळ्यांसमोर त्याच्या नोकरीसाठी मागितलं जातं तेव्हा त्याला ते आपल्या अपयशाचं जाहीर वाचन झाल्यासारखं वाटतं. 'शुगर निघाली म्हणून तरी घरी आलात, देवाचे आभार' हे तर चुकूनही म्हणू नका. त्याऐवजी त्यांनी खरोखर केलेलं एखादं काम उजव्या पानावर लिहा आणि जेवताना सहज सांगा: "आईंना आज तुम्ही कुशीवर वळवलंत, पाठ लाल झालेली मला दिसलीच नव्हती." त्यावर 'आमेन' म्हणायची गरज नाही. मुलालाही 'आपल्याकडे किती आहे बघ' असं सांगून गप्प करू नका. मित्र ट्रिपला गेले आणि त्याला जाता आलं नाही, तर आधी 'वाईट वाटलं ना' म्हणा. त्याचंही एक डावं पान आहे. तुमचं डावं पान त्याला वाचायला देऊ नका, उजवं खुशाल दाखवा.

घरची प्रार्थना मराठीत केली तर चालेल का, असं कुणी तुम्हाला टोकत असेल तर मनावर घेऊ नका. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांची मराठी ओवीबद्ध ख्रिस्तकथा इथेच, रायतूरला, छापली गेली. ज्या भाषेत तुम्ही भांडता त्याच भाषेत गाऱ्हाणं घाला.

एक गोष्ट तपासून बघा. झोप उडणं, अन्नावरची वासना जाणं, कशातच जीव न रमणं हे दोन आठवड्यांहून जास्त रोजचं झालं असेल, तुमचं किंवा यजमानांचं, तर तो प्रार्थनेचा कमीपणा समजू नका, ते आजारपण असू शकतं. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत सरकारी ओपीडी आहे. १४४१६ या टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतीच्या, क्रमांकावर फोन करायला पैसे पडत नाहीत. जगणं नको असं मनात आलं, तर त्याच दिवशी फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

राहिली साखळी. नवस हे देवाला दिलेलं वचन असतं, संत आपल्यासाठी विनंती करतात. सायब रागावून काही करतील ही भीती मनातून काढा. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत कलम ११९१ पासून ११९८ पर्यंत नवसाचे नियम आहेत. तुमचा नवस अटीचा आहे: बोट मिळाली तर साखळी. अट पुरी झालेली नाही, म्हणून साखळी आजही तुमचीच आहे. ती गहाण ठेवण्यात पाप नाही, सासूबाईंचं औषध आणि मुलाची फी ही तुमची आजची कर्तव्यं आहेत. पुढे बोट मिळाली आणि तेव्हा साखळी देणं जड जात असेल, तर तुमच्या चर्चच्या व्हिगार फादरना, म्हणजे मुख्य धर्मगुरूंना, भेटा. योग्य कारण असेल तर खाजगी नवसातून मोकळं करण्याचा किंवा त्याऐवजी दुसरं, हलकं काही नेमून देण्याचा अधिकार त्यांना आहे. तितक्याच किंवा अधिक चांगल्या गोष्टीत नवस बदलायचा असेल, तर ते तुम्ही स्वतःही करू शकता. समजा, साखळीच्या किमतीइतकी मदत वाड्यावरच्या एखाद्या आजारी माणसाला.

गहाण ठेवताना पावती नीट वाचून घ्या, व्याजदर आणि मुदत विचारा, आणि शक्यतो सावकाराऐवजी बँकेत किंवा पतसंस्थेत ठेवा. २४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात सायबाच्या फेस्ताआधीच्या नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतील. नवस फिटला नाही म्हणून जायचं टाळू नका. जमेल त्या दिवशी जा, आणि या वेळी काही कबूल न करता या.